जुनी झालेली इमर्जन्सी वायरलेस यंत्रणा नवी करायचीये? मोजणीपासून पैशापर्यंत सगळं, क्रमाने

फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, पोलिस, आपत्ती व्यवस्थापन ज्या वायरलेसवर बोलतात ती यंत्रणा एका दिवसात बंद पडत नाही. आधी एखाद्या भागातून "परत बोला, परत बोला" जास्त ऐकू यायला लागतं, मग रिपीटरचे (सेटचा आवाज पकडून जास्त ताकदीने पुढे पाठवणारं टॉवरवरचं यंत्र) सुटे भाग मिळेनासे होतात, मग ज्या एका टेक्निशियनला सगळ्या वायरिंगची माहिती असते तो रिटायर होतो, आणि मग एक दिवस मोठी घटना घडते, एकाच वेळी सगळे बोलायला लागतात आणि कुणाचंच कुणाला कळत नाही. त्यानंतर घाईघाईत मीटिंग लागते आणि पहिल्या पाच मिनिटांत चर्चा कुठल्या ब्रँडचे सेट घ्यायचे यावर येते. तिथेच गाडी चुकते. सेट कुठले हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी आवाज कुठे पोचत नाही ते मोजा, आणि पैसा मागताना त्या मोजणीच्या आधारावर आणि यंत्रणेच्या पूर्ण आयुष्याचा हिशोब धरून मागा.

"आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत की, वायरलेस कशाला" हा प्रश्न हमखास येणार, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आलं तेव्हा तिथले ९५ टक्क्यांच्या आसपास मोबाईल टॉवर बंद पडले होते. मोबाईल नेटवर्क नेहमीच्या दिवसाचा लोड धरून बांधलेलं असतं, संकटाच्या दिवशी सगळं शहर एकाच वेळी फोन लावतं. शिवाय वायरलेसवर बटण दाबलं की क्षणात पूर्ण टीमला एकत्र ऐकू जातं, आणि टॉवर पडला तरी दोन सेट आपसात थेट बोलू शकतात. ही थेट बोलण्याची सोय, म्हणजे सिम्प्लेक्स, आगीच्या ठिकाणी जीव वाचवते, ती कुठल्याही नव्या योजनेत राहिलीच पाहिजे.

पायरी १: काय आहे त्याची खरी यादी

कागदावरची यादी आणि टॉवरवरची वस्तुस्थिती यात फरक असतोच, म्हणून प्रत्येक साईटवर प्रत्यक्ष जा. रिपीटर, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावरून एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं शक्य करणारं उपकरण), केबल, अँटेना, अर्थिंग, बॅटरी बँक, जनरेटर, कंट्रोल रूमचा कन्सोल, गाड्यांमधले सेट, हातातले सेट, सगळ्याची नोंद करा, प्रत्येकासमोर बसवल्याचं वर्ष, कंपनीचा सपोर्ट कधी संपतो ते वर्ष आणि सुटे भाग मिळतात का ते लिहा. हे तीन रकाने पुढे पैसे मागताना सगळ्यात जास्त कामाला येतात. फ्रिक्वेन्सीचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, लायसन्सवर लिहिलेली टॉवरची जागा आणि अँटेनाची उंची आजच्या जागेशी जुळते का, हेही बघा.

मग टेक्निशियनकडून मोजमाप घ्या. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच ठिकाणी अर्धा त्रास इथेच सुटतो. रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती क्षीण सिग्नल तो पकडू शकतो ते, चांगल्या सेटमध्ये १२ डीबी (डेसिबल) सिनॅडला (खरखरीतून बोलणं जेमतेम समजेल अशी पातळी) साधारण ०.२५ ते ०.३५ मायक्रोव्होल्ट असते, तुमच्या रिपीटरची त्यापेक्षा बरीच वाईट, म्हणजे आकडा बराच मोठा, आली तर दोष डुप्लेक्सरच्या ट्यूनिंगमध्ये किंवा रिसीव्हरमध्येच शोधा. साईटवरच्या नॉईजमुळेही लांबचा आवाज बुडतो, पण ते वर्कशॉपच्या टेबलावरच्या मोजणीत दिसत नाही, त्यासाठी अँटेना जोडून वेगळं मोजावं लागतं. अँटेना लाईनचा व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे किती पॉवर अँटेनात न जाता परत फिरते ते दाखवणारा आकडा, मोजा: १.५ असेल तर फक्त ४ टक्के पॉवर परत येते, ३ झाला तर २५ टक्के. पण नुसत्या व्हीएसडब्ल्यूआरवर विसंबू नका, कारण केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर केबलच पॉवर खाऊन टाकते आणि खालून मोजलेला आकडा उलट चांगला दिसतो, म्हणून केबलचा लॉस वेगळा मोजायचा. ३ डीबी लॉस वाढला म्हणजे निम्मी पॉवर गेली. जुनी केबल, गंजलेले कनेक्टर आणि ढिलं अर्थिंग बदलून कव्हरेज लक्षणीय सुधारल्याची उदाहरणं या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहेत, आणि हा खर्च नव्या यंत्रणेच्या मानाने किरकोळ असतो. हे आधी करा, नव्या यंत्रणेची वाट बघू नका.

बॅटरी बँकेवर लोड टाकून बघा. व्होल्टेज बरोबर दिसतं म्हणून बॅटरी चांगली असं नसतं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यावर दर ८ ते १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी कंपनीने सांगितलेली वर्षं काढेल ही अपेक्षा सोडा.

पायरी २: आवाज कुठे पोचत नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. नकाशावर चौकोनी खाने आखा, गाडी घेऊन प्रत्येक खान्यात जा, सिग्नल मोजा आणि खरं बोलून बघा. आवाजाला गुण द्यायची एक रूढ पद्धत आहे, तिला डीएक्यू म्हणतात, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी ३.४ हा आकडा बऱ्याच ठिकाणी धरला जातो, म्हणजे थोडी खरखर चालेल पण परत विचारायची वेळ क्वचितच आली पाहिजे. हेतू काय तर "सेवा क्षेत्राच्या ९५ टक्के भागात, हातातल्या सेटवरून, डीएक्यू ३.४" असं एक मोजता येणारं वाक्य तुमच्या हातात असावं, कारण पुढे टेंडरमध्ये हेच वाक्य जाणार आहे.

हातातल्या सेटवरून हे शब्द विसरू नका. रिपीटर ५० वॅटने बोलतो, हातातला सेट ५ वॅटने, म्हणजे १० डीबीचा फरक. त्यामुळे फायरमनला कंट्रोल रूम स्पष्ट ऐकू येते पण त्याचा आवाज कंट्रोलला पोचत नाही, आणि कंट्रोलला वाटतं तो उत्तरच देत नाहीये. टॉवरची पॉवर वाढवून हे कधीच सुटणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या जागी जास्तीचे रिसीव्हर लावतात आणि व्होटर नावाचं उपकरण त्यातला सगळ्यात स्वच्छ आवाज निवडून पुढे पाठवतं. ॲनालॉग यंत्रणेतही हे होतं, आणि नव्या टॉवरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

टॉवरच्या उंचीचा अंदाज घ्यायला एक सोपं सूत्र: उंचीच्या मीटरचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. ३० मीटरच्या टॉवरला साधारण २२ ते २३ किलोमीटर येतात, त्यात हातातल्या सेटच्या उंचीचे पाचेक किलोमीटर मिळवा. हे सपाट मोकळ्या जमिनीचं गणित आहे, डोंगर, झाडी, इमारती आल्या की ते कमी होतं. आणि इमारतींच्या आत वेगळं मोजा. हॉस्पिटलचं तळघर, पार्किंगचे खालचे मजले, बोगदे, मोठे कारखाने. २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांमध्ये भुयारी रेल्वेत उतरलेल्या बऱ्याच बचाव पथकांचे सेट खाली चालत नव्हते, निरोप माणसं पाठवून द्यावे लागले. अशा जागांची नावानिशी यादी करा, कारण मोठ्या इमारतीत आतलं कव्हरेज देण्याची जबाबदारी इमारतमालकावर टाकणारा नियम करता येतो, काही देशांत तो आहेही, आणि त्याने सार्वजनिक पैसा वाचतो.

मोजणीसोबत माणसांशीही बोला, आणि फक्त साहेबांशी नको. रात्रपाळीचा कंट्रोल ऑपरेटर, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, नळी धरणारा फायरमन. कुठे उभं राहिलं की सेट लागतो हे त्यांना पाठ असतं.

पायरी ३: ॲनालॉग ठेवायचं की डिजिटल, आणि डिजिटलमधलं कुठलं

ॲनालॉग म्हणजे मागासलेलं असं काही नाही. छोटं क्षेत्र, मोजके वापरणारे, चॅनल फारसे भरत नाहीत, अशा ठिकाणी नवे ॲनालॉग रिपीटर आणि नीट केबल हे पूर्ण उत्तर असू शकतं. पण स्पेक्ट्रमचे नियम बघा. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ ही तारीख देऊन व्हीएचएफ आणि यूएचएफ या फ्रिक्वेन्सी बँडवरच्या बहुतेकांना २५ किलोहर्ट्झ रुंद चॅनलवरून १२.५ च्या चॅनलवर यायला लावलं होतं, आणि ज्यांनी वाट बघितली त्यांना शेवटी घाईत सेट बदलावे लागले. तुमच्या नियामकाकडून पुढच्या १० वर्षांचा अंदाज लेखी मागा.

डिजिटलमध्ये तीन नावं ऐकायला येतील. पी-२५ हे अमेरिकेत १९८९ मध्ये सुरू झालेलं, सार्वजनिक सुरक्षेसाठीच बनवलेलं मानक, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन संभाषणं बसतात. टेट्रा हे युरोपातल्या एट्सी संस्थेचं, १९९५ पासूनचं, २५ किलोहर्ट्झमध्ये चार संभाषणं, दाट वस्तीत आणि जास्त वापरणाऱ्यांना चांगलं, पण टॉवर जास्त लागतात. डीएमआर पण एट्सीचंच, २००५ चं, १२.५ मध्ये दोन संभाषणं, सेट स्वस्त, मात्र मुळात व्यापारी वापरासाठी आलेलं आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या जास्तीच्या सुविधा एकमेकांशी जुळतीलच असं नाही. निवडीचा पहिला निकष सोपा आहे: ज्यांच्यासोबत तुम्ही घटनास्थळी उभे राहणार ते शेजारचे लोक काय वापरतात. २००१ मध्ये न्यूयॉर्कला पोलिस आणि फायरच्या वायरलेस वेगळ्या होत्या, पोलिस हेलिकॉप्टरला वरून जे दिसत होतं ते टॉवरमधल्या फायरमनपर्यंत थेट पोचायचा मार्ग नव्हता. इतकं मोठं उदाहरण समोर असूनही आजही वेगवेगळी खाती वेगवेगळी खरेदी करतात, याचं खरंच वाईट वाटतं.

डिजिटलची एक गोष्ट वापरणाऱ्यांना आधीच सांगा. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, माणूस समजतो आणि दोन पावलं सरकतो. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम जातो. शिवाय तोंडावरचा मास्क, अलार्म, पंपाचा आवाज हे सगळं एकत्र आलं की डिजिटल कोडिंगमध्ये बोलणं अस्पष्ट होऊ शकतं, म्हणून बरीच फायर दलं आगीच्या जागी आपसात बोलायला ॲनालॉग सिम्प्लेक्सच ठेवतात. सेट निवडताना मास्क घालून, पंप चालू ठेवून, हातमोजे घालून ट्रायल घ्या. ऑफिसमध्ये टेबलावरचा डेमो बघून काहीही कळत नाही.

एन्क्रिप्शन, म्हणजे बाहेरच्याला कळू नये म्हणून बोलणं सांकेतिक करणं, घ्यायचं असेल तर एईएस-२५६ सारखं उघडपणे तपासलेलं घ्या. २०२३ मध्ये डच संशोधकांनी दाखवलं की टेट्राच्या टीईए-१ या गुप्त ठेवलेल्या अल्गोरिदमची ८० बिटची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटवर आणलेली होती. आणि किल्ल्या कोण भरणार, कोण बदलणार, सेट हरवला तर काय, हे खरेदीच्या आधी ठरवा. शेजारच्या दलाकडे तुमची किल्ली नसेल तर ऐन वेळी ते तुमच्याशी बोलूच शकणार नाहीत.

आता कुणीतरी म्हणेल की ब्रॉडबँडवर चालणारं पुश-टू-टॉक, म्हणजे मोबाईल इंटरनेटवरून बटण दाबून बोलणं, घेऊया, टॉवरची कटकट नको. त्याचं मानक मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १३ मध्ये २०१६ ला आलंय आणि डेटा, व्हिडिओ, लोकेशनसाठी ते उत्तमच आहे. पण ब्रिटनचा अनुभव बघा: एअरवेव्ह ही टेट्रा यंत्रणा २०१९ अखेरीस बंद करून सगळं मोबाईल नेटवर्कवर न्यायचं ठरलं होतं, कंत्राटं २०१५ मध्येच दिली गेली, आणि ती तारीख टळून एअरवेव्ह पुढची कित्येक वर्षं चालूच ठेवावी लागली. त्यामुळे ब्रॉडबँड जोडीला घ्या, बदली म्हणून आज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: खर्चाचा खरा आकडा

टॉवर नीट सांभाळला तर ३० वर्षांच्या पुढे जातो, अँटेना-केबल १५ ते २०, रिपीटर १० ते १५, हातातले सेट ७ ते १०, त्यांच्या बॅटऱ्या २ ते ३ वर्षं. हे सगळं एकाच "प्रकल्प खर्चात" टाकलं की आठव्या वर्षी सगळे सेट एकत्र म्हातारे होतात आणि पैसा शून्य असतो. म्हणून प्रत्येक वस्तूची किंमत भागिले आयुष्य असं वार्षिक धरा. २०० सेट आहेत, आयुष्य ८ वर्षं, तर दरवर्षी २५ सेट बदलायचे आणि त्याचं बजेट नेहमीच्या वार्षिक खर्चात बसवायचं, म्हणजे ते एकदम डोक्यावर येत नाही आणि कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत.

यात हे सगळं धरलंय का ते तपासा: साईटचं भाडं, वीज, जनरेटरचं डिझेल, एएमसी, सॉफ्टवेअर अपडेट, साईट जोडणाऱ्या लिंक, लायसन्स फी, ट्रेनिंग, स्पेअर, टॉवरच्या मजबुतीची तपासणी. साईट जोडणारी जुनी तांब्याची लाईन असेल तर विशेष लक्ष द्या, टेलिकॉम कंपन्या त्या बंद करत चालल्यात, तिच्या जागी मायक्रोवेव्ह किंवा फायबर घ्यावं लागेल आणि दोन साईटमध्ये एकच रस्ता नसावा.

पायरी ५: पैसा उभा करणं

एकाच खिशातून एवढा पैसा सहसा निघत नाही, म्हणून तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला योग्य खिसा शोधा. टॉवर, शेल्टर, मायक्रोवेव्ह यांसारख्या दीर्घायुषी गोष्टींसाठी कर्ज किंवा रोखे ठीक, पण कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा कमी पाहिजे. २० वर्षांच्या कर्जावर ८ वर्षं टिकणारे सेट घेऊ नका, सेट भंगारात गेल्यावरही हप्ते चालू राहतील. सेट आणि बॅटऱ्या वार्षिक बजेटमधून. एकदाच होणारी कामं, म्हणजे कव्हरेज सर्व्हे, जनरेटर, शेजाऱ्यांशी जोडणारा गेटवे, यासाठी वरच्या सरकारचं किंवा आपत्ती निवारणाचं अनुदान. अनुदान देणारे बहुतेकदा आपला वाटा मागतात आणि चालवण्याचा खर्च देत नाहीत, हे वाचून मगच अर्ज करा. अनुदानात मिळालेली आणि डिझेलअभावी बंद पडलेली साईट कुणाच्याच उपयोगाची नाही.

नियमित उत्पन्नाचे मार्गही आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत फोनच्या बिलावर इमर्जन्सी सेवेसाठी छोटा आकार असतो. तुमचा कायदा परवानगी देत असेल तर असा ठराव करून घ्या, मात्र तो पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि दुसरीकडे वळवता येणार नाही असं ठरावातच लिहा. टॉवरवर जागा शिल्लक असेल तर ती भाड्याने देता येते, पण आधी इंटरमॉड्युलेशनचं (दोन ट्रान्समीटरचे सिग्नल मिसळून होणारा अडथळा) गणित करून घ्या, भाडेकरूच्या ट्रान्समीटरमुळे तुमचा रिसीव्हर बहिरा झाला तर ते भाडं फार महागात पडलं.

माझ्या मते सगळ्यात मोठी बचत वाटून घेण्यात आहे. शेजारचं शहर, पाणीपुरवठा, वीज, सार्वजनिक बस, सगळ्यांना वायरलेस लागते. एक सामायिक यंत्रणा, खर्च सेटच्या संख्येवर किंवा वापरावर वाटायचा, आणि गर्दीच्या वेळी इमर्जन्सीवाल्यांना प्राधान्य. यात तंत्रज्ञान सोपं असतं, अवघड असतो तो करार: मालकी कुणाची, निर्णय कोण घेणार, कुणी पैसे थकवले तर काय, बाहेर पडायचं असेल तर किती आधी सांगायचं. हे पहिल्या महिन्यात लिहून सह्या घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडतं.

सभागृहापुढे जाताना एक पान पुरे. वर कव्हरेजचा नकाशा, त्यावर लाल भाग आणि त्या भागातल्या शाळा, हॉस्पिटल, कारखान्यांची नावं. खाली तीन पर्याय: काहीच केलं नाही तर कुठल्या वर्षी काय बंद पडेल, फक्त दुरुस्ती केली तर किती वर्षं निघतील, पूर्ण नूतनीकरण. प्रत्येकासमोर १५ वर्षांचा एकूण खर्च. मेगाहर्ट्झ, टीडीएमए असले शब्द त्या पानावर नकोत. जमलं तर सदस्यांना लाल भागात नेऊन त्यांच्याच हातात सेट द्या.

पायरी ६: टेंडर आणि कंत्राट

टेंडरमध्ये ब्रँड किंवा मॉडेल लिहू नका, काम लिहा: तेच ९५ टक्के, डीएक्यू ३.४, हातातला सेट, शिवाय अमुक इमारतींच्या आत. वीज गेल्यावर साईट किती तास चालली पाहिजे, एक साईट पडली तर बाकी कशा चालतील, दुसऱ्या कंपनीचे सेट चालतील का, हे सगळं. सेटच्या बॅटरीचा आकडा ५-५-९० च्या हिशोबात असतो, म्हणजे ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, बाकी स्टँडबाय, आणि आगीच्या दिवशी कुणी असं मोजून बोलत नाही, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या यादीत असू द्या. सेट आणि सॉफ्टवेअरचे पुढच्या काही वर्षांचे दर आजच बांधून घ्या, नंतर तुम्ही अडकलेले असता. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि शेवटचा मोठा हप्ता कव्हरेज टेस्ट पास झाल्यावरच. ती टेस्ट झाडांना पूर्ण पालवी असताना घ्या, विशेषतः यूएचएफ आणि त्यावरच्या बँडला पानं सिग्नल बऱ्यापैकी अडवतात. प्रोग्रामिंगच्या फाइल, पासवर्ड, साईटचे नकाशे ही तुमची मालमत्ता आहे असं कंत्राटात स्पष्ट असलं पाहिजे.

पायरी ७: बदलाचे दिवस

जुनी यंत्रणा लगेच बंद करू नका. काही काळ दोन्ही समांतर चालवा, मध्ये गेटवे टाकून जुने आणि नवे सेट एकमेकांना ऐकू येतील असं करा, आणि एकेक खातं हलवा. आधी कमी धोक्याचं खातं, फायर आणि अँब्युलन्स त्यानंतर. चॅनल आणि टॉकग्रुपची (एकत्र बोलणाऱ्या सेटचे गट) नावं सगळ्या सेटमध्ये सारखी, क्रम सारखा, आणि अंधारात नुसत्या हाताने सापडेल असा मुख्य चॅनल आणि सिम्प्लेक्स. इमर्जन्सी बटण दाबलं की कंट्रोल रूममध्ये नेमकं काय होतं हे प्रत्येक ऑपरेटरने आणि प्रत्येक जवानाने स्वतः करून बघितलेलं असावं.

ट्रेनिंग एकदा देऊन भागत नाही, सगळ्या पाळ्यांना, स्वयंसेवकांनाही द्या, आणि मग मॉक ड्रिल घ्या ज्यात मुद्दाम एक साईट बंद करता, वीज तोडता, शेजारचं दल बोलावता. जे अडतं ते लिहून घ्या आणि वॉरंटी संपायच्या आत कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. जुने सेट काढताना आधी एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुसा, चांगले असतील ते स्पेअर ठेवा, आणि नव्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर बदलायचं वर्ष आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार ते पहिल्याच दिवशी भरून टाका.